वाटी बाजूला ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. मांजरीची पिल्लं गोड आहेत, पण माझी नजर गेली ती शेजारच्या दुधाच्या वाटीवर. ती आधी उचल. गाईचं, म्हशीचं, पिशवीचं, पाणी घालून पातळ केलेलं, कसलंच दूध त्यांना नको. मांजरीच्या दुधात प्रथिनं भरपूर असतात. गाईच्या दुधात ती कमी आणि लॅक्टोज जास्त, म्हणून पिल्लांना जुलाब लागतात. एवढ्याशा जिवात पाणी ते किती असणार!

मीटरच्या खोलीत सापडली म्हणतोस. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, ते उगाच नाही. ती एकेकाला मानेला धरून हलवते (मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत), आणि तिच्या दोन खेपांच्या मधल्या वेळात आपल्यासारख्यांना 'अनाथ' पिल्लं सापडतात. पुढच्या वेळी पिल्लं कोरडी, गरम आणि गप्प झोपलेली दिसली, तर हात लावू नकोस. भोवती थोडं पीठ भुरभुरव आणि लांब जा. दोन-चार तासांत पिठात पावलं उमटली की समज, आई येऊन गेली. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला टाकते, हेही खरं नाही. आई परतली तर खुशाल तिच्या हवाली कर.

पण ही दोघं काल संध्याकाळपासून रडताहेत आणि अंगाला गार लागताहेत. मग वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता नीट वाच. गार पिल्लाला भरवायचं नाही. स्वतःचं अंग गरम ठेवणं त्याला पहिले तीन-चार आठवडे नीट जमत नाही. अंग गारठलं की आतडी थांबतात, गिळणंही धड होत नाही. तोंडात करंगळी घालून बघ. जीभ गार लागली तर दूध बाजूला. बाटलीत गरम पाणी भर, जाड फडक्यात गुंडाळ आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. हेअर ड्रायर नको, चटकन तापवायचंच नाही. तास-दीड तास लागला तरी लागू दे. पिल्लू अगदीच मलूल वाटलं तर साखरेच्या पाण्याचं बोट हिरडीला लाव आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन कर.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका पावसाळ्यात वळचणीखाली भिजलेलं पिल्लू मला सापडलं होतं. ते हुडहुडत होतं आणि मला घाई झाली होती दुधाची. तान्ह्या बाळासारखं उताणं मांडीवर घेतलं आणि ड्रॉपरने कोमट दूध पाजलं. ते नाकातून बाहेर आलं. मला वाटलं, ठसका लागला असेल. दूध फुप्फुसात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लू गेलं.

म्हणून पिल्लाला पोटावरच ठेवायचं, आईला पितं तसं, मान किंचित वर. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती आण. माणसाच्या बाळाची चालणार नाही. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघ, कोमट लागलं पाहिजे. सिरिंज बिनसुईची घे आणि दट्ट्या दाबू नकोस, पिल्लू ओढेल तेवढंच सोड. ओढताना कान हलतात, बघच. नाकात दूध दिसलं तर थांब आणि तोंड खाली करून पूस.

फोटोत डोळे नुकते फटीएवढे उघडलेत आणि कान अजून दुमडलेले आहेत, म्हणजे आठ-दहा दिवसांची असावीत. या वयाचं पिल्लू साधारण १८० ग्रॅमचं असतं. एका वेळी ७ मिलीच्या आसपास, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हो, रात्रीसुद्धा! गजर लाव. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून रोज वजन कर. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. वाढलं नाही तर सावध हो, घटलं तर सरळ दवाखाना.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक वेळी भरवताना कोमट पाण्यात कापूस भिजवून, पिळून, शेपटीखाली हलकेच चोळ. तीनेक आठवड्यांची होईपर्यंत हे करावंच लागेल.

पिसवा असतील तर बारीक दातांच्या फणीने काढ. बाजारातलं पिसवांचं औषध या वयाला विष ठरू शकतं. पण चालढकल नको, पिसवांनी रक्त पिऊन पिल्लांच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तेव्हा. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करू, त्याचं तेव्हा बघू.

दोघांत एक लहान दिसतंय, ते आधी भरव. मोठं गोंधळ घालेल, घालू दे. उद्या सकाळी भरवण्याआधी दोघांचं वजन करून मला कळव.

तुझी,
काकू