तीन सेकंद कशासाठी थांबायचं?

प्रिय मैत्रिणी,

(वयाने तू माझ्या विद्यार्थिनींच्या विद्यार्थिनीएवढी. पण आता एकाच पेशात आहोत, तेव्हा हीच हाक बरी.)

‘शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातले आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद हे सगळं पेपरापुरतं पाठ केलं. वर्गात पाऊल टाकल्यापासून त्यातलं काहीही उपयोगी पडलेलं नाही,’ असं तू लिहिलंस. वाचून हसू आलं, कारण मीही तेच केलं होतं. कुणाचा कोणता वाद, त्याची पाच वैशिष्ट्यं, त्यावर आधारित अध्यापनपद्धती. त्या नोट्स तू खुशाल रद्दीत घाल. शिक्षणाचं तत्त्वज्ञान त्यांत नव्हतंच मुळी. ते तुझ्याआधी तुझ्या वर्गात येऊन बसलेलं आहे.

माझंच सांगतो. पहिली आठ-दहा वर्षं मी प्रश्न विचारायचो आणि ज्याचा हात आधी वर जाईल त्याला उभं करायचो. वर्ग कसा चटपटीत वाटायचा! एकदा एक ज्येष्ठ सहकारी मागच्या बाकावर बसून माझा तास पाहत होते. तास संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुम्ही मुलांची समज बघत होता की वेग?’ मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. सगळी मुलं शिकू शकतात, असं मी तोंडाने म्हणायचो. वर्गातली माझी रीत मात्र रोज बजावत होती की हुशार म्हणजे झटपट. हे माझं तत्त्वज्ञान होतं, आणि ते मी कधी निवडलंच नव्हतं. कुठल्यातरी माझ्याच शिक्षकांकडून ते सवयीने अंगाला चिकटलं होतं.

पुढे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम वाचनात आलं. वर्गातल्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासून १९७०च्या दशकात त्यांनी दाखवलं की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं, की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. कशाने काय साधतं याचं संशोधन हाताशी असताना तत्त्वज्ञान कशाला, असं तू विचारतेस. पण तीन सेकंदांनी काय घडतं, एवढंच संशोधन सांगतं. मुलाने विचार करत घुटमळणं मोलाचं आहे की नाही, हे ठरवणं संशोधनाच्या हातात नाही. अभ्यासक्रम वेळेत संपवणं हेच ध्येय मानलं, तर एका सेकंदात पुढे सरकणारा शिक्षकच शहाणा ठरेल!

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला कोडं घालतो. दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचाय. मुलगा ठणकावून सांगतो, बाजू दुप्पट करायची. क्षेत्रफळ होतं चौपट. मग म्हणतो, तीन फूट. त्याचे होतात नऊ चौरस फूट, हवेत आठ. शेवटी तो कबूल करतो, मला नाही येत. तेव्हा सॉक्रेटिस मेनोच्या, म्हणजे त्या मुलाच्या मालकाच्या, लक्षात आणून देतो की, आपल्याला येत नाही हे उमगल्यामुळे हा मुलगा आधीपेक्षा बऱ्या जागी आहे. (त्यापुढचे सॉक्रेटिसचे प्रश्न मात्र इतके सूचक आहेत की मुलाला ‘हो’ म्हणण्यापलीकडे फारसं काम उरत नाही. हे मला कायम खटकत आलंय. तू वाचून ठरव.) आता मला सांग, तुझ्या प्रगतिपुस्तकात त्या अडण्याला कुठला रकाना आहे? आपण तिथे शून्य देतो आणि पुढचा पेपर हातात घेतो.

शिकवायचं कशासाठी, हे ठरवायचं राहून गेलं की मोजमापच ते ठरवायला लागतं. इंग्लंडमध्ये १८६२ साली, शिक्षणाचा सरकारी कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने, शाळांच्या अनुदानाची सुधारित नियमावली आली. शाळेचं बरंचसं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणित यांच्या परीक्षेवर ठरू लागलं. लो काही मुलांच्या वाईटावर नव्हते. सरकारी पैशाचा हिशेब मागणं रास्तच आहे. पण शिकवणं त्या तीन विषयांभोवती आक्रसलं, आणि परीक्षेत जे पुस्तक वाचायला देणार तेच वर्षभर घोटून घेतलं जाऊ लागलं. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी स्वतः शाळा-निरीक्षक होते, त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. तरी ती पुरती मोडीत निघायला शतकाची अखेर आली. ‘अध्ययन निष्पत्ती’चे, म्हणजे मुलांना काय काय आलं याचे, तक्ते भरताना मला ती गोष्ट हटकून आठवते.

म्हणून तक्ते फाडून टाक, असं नाही म्हणत. भर, नोकरी आहे. शिक्षककक्षात प्लेटो काढून सहकाऱ्यांना छळूही नकोस. मी एक वर्ष तसं केलं होतं, लोक माझ्या शेजारची खुर्ची टाळायचे.

पुढच्या आठवड्यात एवढंच कर. फोनवर स्वतःचा एक तास रेकॉर्ड कर आणि प्रत्येक प्रश्नानंतर तू किती थांबतेस ते मोज. ऐकण्याआधी मात्र अंदाज कागदावर लिहून ठेव. माझा अंदाज पाच सेकंदांचा होता. प्रत्यक्षात एकही भरला नाही, आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं मीच देऊन मोकळा झालो होतो.

तुझा,
एक जुना मास्तर