गुलाबी रंगाला भुलू नकोस

पोरी,

तुझा मेसेज आला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका जळक्या मोटरीचं वाइंडिंग उपसत बसलेलो, म्हणून उत्तराला उशीर. कॉलेजातलं ते कॉइल-मोटरीचं चुंबकीय क्षेत्र काढायचं महागडं सॉफ्टवेअर लॅबपुरतंच मिळतं आणि खानापूरची बस धरायची म्हणून तुला पाच वाजता उठावं लागतं, हे समजलं, पण म्हणून क्रॅक केलेलं घेऊ नकोस, त्यातनं व्हायरस घुसला की प्रोजेक्ट रिपोर्टपण जायचा.

फेम (FEMM) म्हणून तसलंच एक सॉफ्टवेअर आहे, डेव्हिड मीकरनी केलेलं, फुकट, जुन्या लॅपटॉपवरपण पळतं. लायसन्सवरनं काहीजण म्हणतात की हे काटेकोर ओपन सोर्स नव्हे, म्हणूदेत, कोड बघायला मिळतोय, आपल्याला बास. टूडीच, म्हणजे सपाट कापाचंच गणित करतं, पण कॉइल आणि मोटरीचा काप याला तेवढं पुरतं.

पहिल्याच दिवशी मोटर काढायला जाऊ नकोस. साधी हवेतली कॉइल घे, २०० वेढे एकाच थरात, लांबी १० सेंमी, त्रिज्या १ सेंमी, करंट १ अँपिअर. कागदावर मधोमध २.४६ मिलीटेस्ला क्षेत्र येतं, टेस्ला हे त्याचं माप (पुस्तकातलं लांब कॉइलचं सूत्र लावलंस तर २.५१). फेममध्ये २.४६ च्या जवळपास आलं नाही तर आधी बघ, फाइल प्लेनरच (काप सरळ लांबवलेला) राहिली काय, ती अ‍ॅक्सिसिमेट्रिक (काप अक्षाभोवती गोल फिरवलेला) करायला सगळेच विसरतात, आणि बाहेरची हद्द कॉइलला चिकटून आखलीस काय.

लोखंड घातलंस की खरी गंमत. मी एकदा फाउंड्रीसाठी भंगार उचलायचा मॅग्नेट काढला, लोखंडाला पर्मिएबिलिटीचा (ते क्षेत्र किती पट वाढवतं त्याचा) एकच आकडा देऊन मोकळा झालो, स्क्रीनवर पोलच्या तोंडाशी ४ टेस्ला, सगळं गुलाबी गुलाबी (फेममध्ये जोरदार क्षेत्र गुलाबी दिसतं), मी खूश. साधं लोखंड २ टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होतं, पुढं क्षेत्र फारसं वाढत नाही, हे शिकलेलो की, पण चित्र बघून विसरलो. ओढ बीच्या (म्हणजे क्षेत्राच्या) वर्गानं जाते, म्हणजे बी निम्मा तर उचललेलं वजन पाव, आणि मॅग्नेट बनवल्यावर तसंच झालं, करंट वाढवला तर कॉइल नुसती तापायली. मालक काही बोलले नाहीत, चहा पाजला, त्याचंच जास्त लागलं. तू फेमच्या लायब्ररीतलं १०१० स्टील घे, त्यात बी-एच कर्व्ह (कॉइलचा जोर किती वाढवला की क्षेत्र किती येतं तो आलेख) भरलेलाच असतो.

अँटेनाचं विचारलंस, त्याला फेम नाही चालत, ओपनईएमएस (openEMS) हे दुसरं सॉफ्टवेअर लागतं. त्यात यी या शास्त्रज्ञाची १९६६ ची पद्धत, जागेचे डबे पाडून वेळेत पुढं सरकायचं. डबा सगळीकडं निम्मा केलास की डबे ८ पट आणि वेळेच्या पायऱ्यापण दुप्पट, म्हणजे काम १६ पट, मग लॅपटॉप रात्रभर घोंघावतोय म्हणून आई ओरडेल. ते पुढच्या सेमला बघू.

रविवारी वर्कशॉपला ये. २६ गेजची तार आणि गॉसमीटर (क्षेत्र मोजायचं यंत्र) हाय माझ्याकडं, तीच कॉइल गुंडाळून मोजू. फेमची फाइल पेनड्राइव्हमध्ये आण, आणि येताना कुंदा-बिंदा काही आणू नकोस, शुगर वाढलीय.