फ्योर्डमधला एक दिवस आणि हातातले वल्हे

प्रश्न : आम्ही डिचोलीचे. येत्या जूनमध्ये मी, पत्नी आणि मुलगी असे तिघे नॉर्वेच्या क्रूझवर जात आहोत. जहाज एक दिवस सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत गाइरांगर फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात) थांबणार आहे. मुलीला कयाकिंग (लहान, निमुळती होडी वल्हवणे) करायचे आहे, तर पत्नीला धबधबे आणि डोंगरावरची ठिकाणे पाहायची आहेत. माझे वय 62 आहे. लहानपणी आजोळी मांडवीत होडी वल्हवलेली आहे, पोहताही चांगले येते. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मी मुलीबरोबर कयाकमध्ये बसावे काय? आणि एका दिवसात हे सारे कसे बसवावे?

उत्तर : आपण कयाकमध्ये जरूर बसावे, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. आधी आपल्या डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे, आणि मांडवीवरच्या सवयीचा भरवसा तिथे धरू नये. हे दुसरे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पोहता येणारा आणि पाण्याची भीती नसलेला माणूसच फ्योर्डमध्ये गाफील राहण्याची शक्यता अधिक असते.

मांडवीत आपण भितो ते ओढीला. भरती आत लोटते, ओहोटी बाहेर खेचते, म्हणून जाणता होडीवाला पाण्याची वेळ पाहूनच निघतो. गाइरांगरच्या आतल्या भागात अशी ओढ फारशी जाणवत नाही. वारा नसलेल्या सकाळी तिथले पाणी तेलासारखे स्थिर असते आणि त्यात समोरचा कडा उलटा दिसतो. धोका आहे तो थंडीचा आणि काठ नसण्याचा. मांडवीत होडी कलंडली, तर पाणी कोमट असते, चार हात मारले की कांदळवन किंवा खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध लागतो आणि फार तर गुडघाभर चिखलात पाय रुततो. फ्योर्डमध्ये मात्र कडे सरळ पाण्यात उतरतात. बऱ्याच अंतरापर्यंत पाऊल टेकवायला जागा सापडत नाही आणि कड्याला हात लागेल इतके जवळ गेलो, तरी खाली तळ नसतो.

जूनमध्ये या पाण्यात डोंगरावरचे वितळलेले बर्फ सतत मिसळत असते. पंधरा अंशांहून थंड पाण्यात माणूस अचानक पडला, की पहिला मिनिटभर श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. पुढच्या सुमारे दहा मिनिटांत हातापायांतली ताकद ओसरते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात उचलणे जड जाते. शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरायला त्याहून बराच वेळ लागतो, त्यामुळे लाइफ जॅकेट अंगात असलेला माणूस सहसा वाचवता येतो. आपली रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना दाखवायची ती त्या पहिल्या मिनिटासाठी. वाटाड्याबरोबरची सहल घ्यावी, दोन माणसांची रुंद कयाक मागावी, मुलीला पुढे बसवून आपण मागे बसावे आणि ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, मिळत असेल तर तो नाकारू नये.

आतून सुती कपडे मात्र घालू नयेत. सुती कापड एकदा भिजले, की अंगातली ऊब शोषून घेत राहते. आपल्याकडे लोकरीचे कपडे घरात नसतातच, तेव्हा लोकरीचा एक पातळ सदरा आणि मोजे यांवर खर्च करावा. मी स्वतः या फ्योर्डमध्ये वल्हवले, तेव्हा वल्ह्याच्या दांडीवरची रबरी कडी नकळत हाताखाली सरकवून ठेवली होती. पात्यावरचे पाणी दांडीवरून ओघळू नये म्हणून ती कडी असते, हे मला ठाऊक नव्हते. वल्ह्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक बारीक धार बाहीतून कोपरापर्यंत जात राहिली आणि अर्ध्या तासाने बिस्किटाचा पुडा फोडायला गेले तर बोटे मिटेनात. वाटाड्याने कडी पात्याजवळ सरकवून दिली, तेव्हा कुठे त्रास थांबला.

आता दिवसाचे. खरी सुरुवात आठ वाजता होत नाही, ती जहाज फ्योर्डमध्ये शिरताना होते. गाइरांगर फ्योर्ड सुमारे 15 किलोमीटर लांब आहे आणि 2005 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. साडेसहाच्या आधीच तिघांनी डेकवर यावे. ‘सात बहिणी’ हा प्रसिद्ध धबधबा आत जाताना डाव्या हाताला लागतो आणि त्याच्या समोर, उजवीकडे, ‘मागणी घालणारा’ नावाचा धबधबा आहे. बर्फ वितळण्याचे दिवस असल्याने जूनमध्ये बहिणी जोरात असतात, उन्हाळा सरता सरता त्यांतल्या काही पार आटतात. दोन्ही धबधबे जहाजावरून जाताना आणि परतताना फुकट दिसतात, त्यामुळे तेवढ्यासाठी वेगळी बोट करणे मला पटत नाही.

याच पट्ट्यात कड्याच्या खाचेत, पाण्यापासून शेकडो मीटर उंचीवर, ओस पडलेली शेतघरे दिसतील. स्कागेफ्लो आणि क्निव्हस्फ्लो ही त्यांतली दोन. तिथे लहान मुले कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असे सांगतात. वस्ती सुटून शंभर वर्षे होऊन गेली, तरी काही घरांची छपरे जपून ठेवली आहेत. दुर्बीण न्यावी, नुसत्या डोळ्यांना ती दगडासारखीच दिसतात.

कयाकिंग सकाळच्या पहिल्या फेरीतच घ्यावे. ऊन असलेल्या दिवशी दुपारनंतर फ्योर्डमध्ये वारा सुटतो आणि मोठ्या बोटींच्या लाटा कड्यावर आपटून उलट फिरतात, तेव्हा नवशिक्याची कयाक फार डुलते. सात बहिणी गावापासून सुमारे सहा किलोमीटरवर आहेत. तिथपर्यंत वल्हवत जाऊन परत येणे आपल्या वयाला आणि वेळेला परवडणारे नाही, म्हणून दोन-तीन तासांची जवळची फेरी पुरेशी मानावी. पाण्याच्या पातळीवर बसून वर पाहिले, की कडा किती उंच आहे हे मान दुखू लागल्यावर कळते; डेकवरून ते कधीच कळत नाही.

त्या वेळात आपल्या पत्नीने ‘गरुडमार्गा’ची बस घ्यावी. 1955 मध्ये खुल्या झालेल्या या रस्त्याला अकरा वळणे आहेत आणि वरच्या वळणावरून अख्खा फ्योर्ड, त्यात उभे असलेले आपले जहाज आणि जमले तर आपली कयाकही दिसेल. दुपारी तिघांनी मिळून फ्लुदाल्सयुवेतचा कडा पाहावा. सुमारे 1500 मीटर उंचीचे दाल्सनिब्बा हे शिखर आकाश निरभ्र असेल तरच घ्यावे. ढगात गेलात तर वर फक्त पांढरे धुके आणि गारठा मिळेल.

वेळेचे गणित एकच. जहाजाकडूनच घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबते, स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो, तोही धरावा.

प्रश्न : नॉर्वेच्या अशा सहलीला जाण्याआधी गोव्यात सराव करावा काय? आणि आपल्या खाड्यांना फ्योर्ड म्हणता येईल काय? (मडगाव)

उत्तर : म्हणता येणार नाही. मांडवी किंवा झुआरीचे मुख हे समुद्राने बुडवलेले नदीचे खोरे आहे, तर फ्योर्ड हिमनदीने कोरलेला असतो. बर्फाच्या प्रचंड वजनाने दरी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खोल खरवडली जाते आणि मग तिच्यात समुद्र शिरतो. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड 1300 मीटरहून खोल आहे, पण त्याच्या मुखाशी मात्र तळ पुष्कळ उथळ आहे, कारण तिथे हिमनदीची कोरण्याची ताकद संपत आली होती. मांडवीच्या मुखाशी आग्वादला वाळूचा दांडा आहे; तो साचलेल्या गाळाचा आहे, त्यामुळे दोन्हीकडे मुख उथळ असले तरी कारणे वेगळी.

सराव मात्र अवश्य करावा आणि तो मे महिना संपायच्या आत करावा, कारण पावसाळ्यात इथल्या जलक्रीडा बंद असतात. साळ नदीच्या शांत पात्रात किंवा नेरूलच्या खाडीत दोन सकाळी पुरेत. सरळ जाणे कुणालाही तासाभरात जमते, तेव्हा तो वेळ त्यात घालवू नये. कंबरभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करून घ्यावी, बाहेर पडावे, वल्हे हातातून सुटू न देता पुन्हा चढावे, आणि प्रशिक्षकाच्या मदतीशिवाय हे दोनदा जमेपर्यंत थांबू नये.