त्याच दिवशी, शाईने

डिचोली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी आमच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून तू मोबाइलवर आजोबांच्या बंदुकांचे फोटो दाखवलेस, तेव्हा मी फारसं बोललो नाही. तू गेल्यावर मात्र झोप लागली नाही. घरात तीन बंदुका, परवान्यावर दोन, भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, जाऊन चार महिने झालेले, आणि चार जणांनी चार गोष्टी सांगून तुझ्या डोक्याचा पार गुंता केलेला. स्कूटरला किक मारताना तू म्हणालास, "पुढच्या रविवारी तिसरी चादरीत गुंडाळून आणतो, तुम्ही हातात घेऊन बघा." म्हणून हे पत्र त्याआधी पोचावं अशी घाई केली आहे. ती आणू नकोस. तुझ्या नावावर परवाना नाही. वाटेत कोणी अडवलं तर "आजोबांची आठवण आहे" हे उत्तर चालत नाही. आणि माझ्या नावावरही ती नाही, त्यामुळे मी तिला हात लावणार नाही.

भाऊंचा परवाना भाऊंबरोबर संपला. तो आपोआप तुझा होत नाही. वारसाला अर्ज करता येतो, आणि तो करायचा कुठे हे तुला ठाऊक आहे, पणजीला जिल्हाधिकारी कचेरीत. पण अर्ज मंजूर होईपर्यंत बंदुका घरात ठेवायचा हक्क तुला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही तर हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. चार महिने म्हणजे विनाविलंब नव्हे. या आठवड्यात वकील गाठ, तिन्हींबद्दल खरं काय ते लेखी दे आणि पोचपावती घे. तिसरी लपवण्याचा विचारही नको.

आता माझा खरा मुद्दा. जमा करण्याआधी वही. रात्री जेवणं झाल्यावर बस आणि तिन्ही बंदुका जशा आहेत तशा लिहून काढ. त्याच दिवशी, शाईने, बांधलेल्या वहीत. सुटे कागद नकोत, पेन्सिल नको, "फोटो आहेत ना मोबाइलमध्ये" हे तर मुळीच नको. मोबाइल फुटतो, बदलतो, आणि फोटोत लांबी दिसत नाही.

एवढा जोर का, ते सांगतो. हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

१९८९ च्या निवडणुकीआधी नेहमीप्रमाणे बंदुका जमा करायचा हुकूम आला. माझ्या वडिलांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, एकनळी, काजूच्या बागेत रानडुकरं यायची त्यासाठी शेतीरक्षणाचा परवाना होता, ती मीच एका ठाण्यात नेऊन दिली. चिठ्ठी मिळाली. तिच्यावर लिहिलं होतं, "ठासणीची बंदूक, एक, जुनी." मी ती घडी करून खिशात टाकली. निवडणूक झाली, बंदूक परत आणली, खुंटीला लावली. पुढच्या वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी काढली. वडिलांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. त्यांनी मांडीवर घेऊन दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "पत्रा कुठे गेला?" आमच्या बंदुकीचा दस्ता मानेपाशी तडकला होता आणि गावच्या सोनाराने तिथे पितळेचा पत्रा ठोकला होता. या बंदुकीला पत्रा नव्हता. तडाही नव्हता. ती आमची नव्हतीच.

मी म्हणालो, "साफ करताना काढला असेल." ते काही बोलले नाहीत. हळदकुंकू लावलं आणि बंदूक परत दिली.

मी ठाण्यात गेलो का? नाही. जाऊन सांगणार काय? ठासणीच्या गावठी बंदुकीला कारखान्याचा क्रमांक नसतो. परवान्यावरचं वर्णन तालुक्यातल्या निम्म्या बंदुकांना लागू पडलं असतं. पत्र्याचा, तड्याचा, नळीच्या लांबीचा एक शब्द आमच्या घरात कुठे लिहिलेला नव्हता. वडिलांच्या अंगठ्याला ठाऊक होतं तेवढंच. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली, की आपणच दुसऱ्याची बंदूक बाळगून आहोत असं होईल. वडील गेले तेव्हा ती खोटी बंदूक खुंटीला होती. पावती खिशात टाकली त्या दिवशी, समोर बंदूक असताना, दहा ओळी लिहिल्या असत्या तर एवढं सगळं झालं नसतं.

म्हणून तू लिही. नळीची लांबी शिवणाच्या टेपने. एकनळी की दुनळी. तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी), चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी) की केपाची (टोपीवर घोडा आपटून उडणारी). नळीवर, कानापाशी (बत्ती द्यायच्या भोकापाशी), कळीच्या पट्टीवर (घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीवर) जे जे ठसे आहेत ते जसेच्या तसे चितारून काढ, अर्थ कळला नाही तरी. तडे, खिळे, पत्रे, कुणी लावलेला नवा गज (दारू ठासायची कांब), सगळं. क्रमांक नसलेल्या बंदुकीची ओळख म्हणजे तिची दुखणी. हे करताना घोड्याला हात लावायचा नाही आणि नळीचं तोंड कोणाकडे करायचं नाही. ठासून ठेवलेला बार पन्नास पन्नास वर्षं तसाच राहिलेल्या बंदुका असतात. आत काही आहे का ते विक्रेत्याकडचा कारागीर बघेल, तू नाही. आणि चिंच, राख, पॉलिश पेपर यातलं काही लावू नकोस. पावसाळ्याचा गंज एक वेळ परवडला. एका ओळखीच्या घरात दसऱ्याला चकचकीत करायच्या हौसेपायी ठसे पार घासून गेले, आता ती बंदूक कुठली हे कोणी सांगू शकत नाही.

वहीत डावं पान डोळ्यांना दिसेल त्याचं. उजवं पान कानांनी ऐकलं त्याचं, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं यासकट. हे मिसळायचं नाही. तू म्हणालास, केपाची ती दीपाजी राण्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या बंडातली आहे. तुझ्याच फोटोत नळीवर लंबगोलात ई-एल-जी अशी अक्षरं आहेत आणि वर मुकुट आहे. तो बेल्जियममधल्या लिएजचा चाचणीचा ठसा, आणि त्यावर मुकुट आला १८९३ पासून. दीपाजींचं बंड १८५२ चं. भाऊ खोटं बोलले असं मी म्हणत नाही, त्यांनी ऐकलं तसं सांगितलं. १८९५ च्या दादा राण्यांच्या बंडाशी ती कदाचित जुळेल. पण कदाचित उजव्या पानावर. ठसा डाव्या पानावर, शाईने.

आता तुला भरवलेल्या गोष्टी. "शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही." शंभर वर्षांचा आकडा १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यातला आहे. शस्त्र कायद्याशी त्याची सांगड लोकांनी घरी बसून घातली. उलट तो कायदा तुझ्यावर आणखी एक बंधन घालतो, की अशी वस्तू तू परदेशी पाठवू शकत नाहीस. लिस्बनच्या नातेवाइकाला भेट देण्याचं मनात असेल तर ते काढून टाक. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे खरी, पण ते हत्यार दुरुस्ती करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. "घोडा मोडलाय, भिंतीवरची शोभा आहे" हे पुरेसं नाही. घोडा बसवता येतो. आणि ते ठरवणार तू नाहीस, मी नाही, तुझा मामा तर नाहीच.

"१८९८ च्या आधीची मोकळी." हे ज्याने सांगितलं त्याने अमेरिकेचे व्हिडिओ पाहिले आहेत. तिथल्या १९६८ च्या कायद्यात तो आकडा आहे. डिचोलीत त्याचा उपयोग शून्य. अमेरिकेचंच घ्यायचं तर त्यांच्याकडची वही घे. तिथे जुन्या बंदुका जमवणाऱ्या परवानाधारकाला बांधलेली नोंदवही ठेवावी लागते आणि घेतलेली बंदूक दुसऱ्या कामाच्या दिवशी कचेऱ्या बंद होईपर्यंत तिच्यात चढवावी लागते. ते मात्र तुला कोणी सांगितलं नाही. मी त्यांच्याहून कडक आहे, मी त्याच दिवशी म्हणतो.

"पोर्तुगीज काळचा परवाना आहे, तो पुरे." तो कागद जपून ठेव, प्लास्टिकमध्ये घालू नकोस, ओल धरते. बंदूक १९६१ च्या आधीपासून घरात आहे याचा तो चांगला पुरावा. आजचा परवाना तो नव्हे.

"पोलिसांकडे सगळं लिहिलेलं असतं." माझी गोष्ट वर वाच.

आणि तीन बंदुका तू ठेवू शकणार नाहीस, हे आत्ताच मनाशी पक्कं कर. १४ डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला दोनच, वारशाने आलेल्याही त्यातच धरायच्या. माझ्याकडे तेव्हा तीन होत्या, रीतसर. एक द्यावी लागली. मी निवडली ती सगळ्यात देखणी दुनळी, कारण तिचं सगळं लिहून झालेलं होतं. लोक म्हणाले, चांगली ती घालवली आणि खुंटीवरची भिकार ठेवली. ती भिकार म्हणजे ठाण्यातून आलेली परकी बंदूक. तिचं खरं घर कोणाचं ते मला कळलेलं नाही आणि कळेपर्यंत ती माझ्याकडून जाणार नाही. तिची सगळी हकीकत मी या नियमाच्या पुष्कळ आधीच वकिलामार्फत लेखी देऊन टाकली होती, तीही अकरा वर्षं उशिरा. दुनळी विकायला काढली तेव्हा कोणाला देणार त्याचं नाव-पत्ता लेखी कळवून कायद्याचे पंचेचाळीस दिवस थांबलो, आणि ज्या दिवशी ती गेली त्या रात्री तारीख, वेळ, पावतीचा क्रमांक सगळं वहीत चढवलं. मुलगा म्हणाला, उद्या लिहा, जेवण गार होतंय. झालं गार.

घरचे मला हेकट म्हणतात. एका जुन्या मित्राने कागद नसलेली बंदूक "फक्त चवथीपर्यंत ठेव" म्हणून आणली होती, ती मी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. तो आता बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण तो उद्या पुन्हा आला तरी मी तेच करीन. वडिलांच्या मांडीवरच्या बंदुकीबद्दल मी एकदा खोटं बोललोय, तेवढं पुरे. सात वह्या झाल्या आहेत. त्यात खाडाखोड जिथे आहे तिथे एकच रेघ मारून बाजूला सही केली आहे, पान एकही फाडलेलं नाही. तूही फाडू नकोस. चूक झाली तर चूक दिसू दे.

तू चिडशील, कारण तुला भाऊंची बंदूक हवी आहे आणि मी तुला वही देतोय. मला भाऊ तुझ्याआधी पंचवीस वर्षं ठाऊक होते. चकमकीच्या त्या बंदुकीचा दस्ता ते दर पावसाळ्यानंतर खोबरेल तेलाने पुसायचे, कपडा मऊ लुगड्याचा असायचा, आणि पुसताना शब्द बोलायचे नाहीत. हे उजव्या पानावर लिही. सांगणारा मी, आजची तारीख.

जमा करताना ठाण्यात वहीतलं वर्णन जसंच्या तसं पावतीवर उतरवून मागायचं. कंटाळा केला तर बसून राहायचं, आवाज चढवायचा नाही, उठायचंही नाही. निदान वर्णनाच्या प्रतीवर सही-शिक्का घे. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी पावती वहीला डकव.

बाजारात हिशेबाच्या शिवलेल्या वह्या मिळतात, दोनशे पानी घे, पहिल्या पानापासून आकडे घाल. रविवारी दहाला ये. वही आणि परवान्याची झेरॉक्स आण. ठसे मी वाचून देतो. दुपारी जेवायला थांब, काकूने सांगितलं आहे.

तुझा,
काका