जुन्या इंजिनाची टिकटिक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची होंडा सिटी आय-डीएसआय आहे. गाडी १,१२,००० किलोमीटर चालली असून मानपाड्याहून वागळे इस्टेटपर्यंतचे माझे रोजचे जाणे-येणे तिनेच होते. गेले दोन महिने सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून शिलाई मशीनसारखी टिकटिक ऐकू येते. घोडबंदर रस्त्याच्या रहदारीत अर्धा तास गेला की ती मंदावते, पण पूर्ण थांबत नाही. एका गॅरेजमध्ये ‘इंजिनचे काम निघाले आहे’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरून दिले. त्याने दहा-पंधरा दिवस बरे वाटले आणि आवाज पुन्हा आला. आवाज सुरू होण्याआधीच्या सर्व्हिसमध्ये स्पार्क प्लग तेवढे बदलले होते. पिकअप आणि ॲव्हरेज पूर्वीसारखेच आहे. इंजिन खरोखरच उतरवावे लागेल का?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : आपण कळवलेल्या लक्षणांवरून तरी इंजिन उतरवण्याची वेळ आलेली दिसत नाही. आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात, ते म्हणजे आवाज सुरू होण्याआधी प्लग बदलले होते. जुन्या गाडीत नवा आवाज आला की इंजिन किती झिजले असेल याचा हिशेब लगेच मांडला जातो. त्याआधी गाडीला शेवटचा हात कुठे लागला होता, हे विचारले तर बराच खर्च वाचतो.

आपल्या गाडीच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, कारण या इंजिनात चार सिलिंडर असले तरी प्लग आठ आहेत, म्हणजे दर सिलिंडरला दोन. पुढचे चार बॉनेट उघडताच हाताशी येतात. मागचे चार काचेच्या बाजूला असून तेथे पाना सहज बसत नाही. त्यामुळे चारच प्लग बदलून काम आटोपते घेण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो, आणि मागच्यांना हात लावला तरी एखादा पुरेसा आवळला न जाण्याची शक्यता राहते. म्हणून आधी सर्व्हिसचे बिल काढून त्यावर प्लग चार लिहिले आहेत की आठ, ते पाहावे. प्लग सैल राहिला की इंजिनाच्या प्रत्येक दाबाच्या आणि स्फोटाच्या वेळी थोडा वायू आट्यांमधून निसटतो आणि त्याचा अगदी सैल टॅपेटसारखा (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा) टकटक असा कोरडा आवाज येतो. इंजिन तापून धातू प्रसरण पावले की ही फट काहीशी बुजते, आणि आपण सांगता तसा आवाज मंदावतो. प्लगच्या बुडाशी काळा डाग दिसल्यास संशय बळावतो. खात्री करण्यासाठी रात्रभर थंड झालेल्या इंजिनात प्लगच्या बुडाशी ब्रशने थोडेसे साबणाचे पाणी लावून गाडी सुरू करावी; बुडबुडे आले तर प्लग गळतो आहे. मात्र प्लग आवळणे किंवा काढणे हे काम इंजिन थंड असतानाच करावे, कारण हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो सिलिंडरांवरचा भाग, ॲल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना जोर लावल्यास आटे निघून येतात. तसे झाले तर मात्र खर्च खरोखरच वाढेल.

असाच, इंजिन थंड असताना मोठा आणि तापल्यावर लहान होणारा दुसरा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगमधील गळतीचा असतो. या इंजिनात मॅनिफोल्डही मागच्याच बाजूला असल्यामुळे नुसत्या कानाने हे दोन वेगळे करणे अवघड जाते. सहकाऱ्याने जाड फडक्याने सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद अर्धवट दाबून धरावे. टिकटिक त्याच क्षणी मोठी झाली तर गळती एक्झॉस्टमध्ये आहे असे समजावे. ही चाचणी मोकळ्या जागी करावी. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये धूर साचतो, शिवाय भिंतींवरून आवाज परतत असल्याने तो कुठून येतो हे कळत नाही. तेथे धडधाकट इंजिनाचीही टिकटिक दुप्पट वाटते, आणि ‘आजकाल आवाज वाढला’ ही तक्रार कधी कधी पार्किंगची जागा बदलल्यापासूनची निघते.

आता टॅपेट. व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; तो पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा उघडतो. एका सैल टॅपेटचा ठोका याच गतीने पडतो. पिस्टन किंवा त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडशी निगडित ठोका मात्र क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे याच्या दुप्पट गतीने पडू शकतो. कानाने मोजणे कठीण असले तरी मोबाइलवर दहा सेकंद ध्वनिमुद्रण करून ते निम्म्या वेगाने ऐकले की फरक लक्षात येतो. या चाचणीने सैल टॅपेट आणि सैल प्लग मात्र वेगळे होत नाहीत, कारण प्लगचा ठोकाही दोन फेऱ्यांतून एकदाच पडतो. म्हणूनच साबणाचे पाणी आधी लावावे.

या गाडीत टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर आर्म यांतले अंतर, रॉकर आर्मवरच्या स्क्रू आणि नटाने जुळवायची असते. ती वापराबरोबर बदलणे हा दोष मानू नये, ते ठरावीक देखभालीचे काम आहे. इन्टेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.२६ ते ०.३० मिलिमीटर एवढी फट अपेक्षित आहे, आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची असते. सकाळी गाडी चालवत गॅरेजला नेली आणि तासाभरात टॅपेट सेटिंग करून मिळाले, तर ते सेटिंग चुकीचे झाले असे खुशाल समजावे. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी. हेडवरचे कव्हर उघडल्यावर त्याचे रबरी पॅकिंग नवे घालून घ्यावे, नाहीतर महिन्याभरात तेथून ऑइल झिरपू लागते.

आपल्याला इंजिनच्या कामाची जी भीती घालण्यात आली, तिची शहानिशा करण्याचीही एक सोपी पद्धत आहे. आयडलिंगला एकेका सिलिंडरच्या पेट्रोल इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) विजेचा कनेक्टर काही सेकंदांपुरता काढून पुन्हा लावावा. त्या सिलिंडरमध्ये स्फोट थांबतो. रॉडच्या बेअरिंगचा ठोका असेल तर त्याच वेळी तो ठळकपणे कमी होतो. टॅपेटच्या आवाजावर याचा जवळपास परिणाम होत नाही. प्लग किंवा एक्झॉस्टची गळतीही या चाचणीत मंदावते, त्यामुळे त्या दोन्ही गोष्टी आधी निकाली काढलेल्या असाव्यात. इंजेक्टरची स्वतःची बारीक टिकटिक मात्र कनेक्टर काढताच बंद पडते, आणि कधी कधी एवढ्याने कोडे सुटते. कनेक्टर काढल्यामुळे मीटरमधला चेक इंजिनचा दिवा लागल्यास घाबरू नये, स्कॅनरने तो घालवता येतो. रॉडचा आवाज मुळातच जड असतो, त्याला टिकटिक न म्हणता ठकठक म्हणावे लागेल, आणि तो गरम इंजिनात ॲक्सिलरेटर सोडताना जास्त जाणवतो. आपला आवाज तापल्यावर मंदावतो, हे आपल्या बाजूचे लक्षण आहे.

राहिले २०डब्ल्यू-५० ऑइल. जाड ऑइलाने आवाजाला गोधडी पांघरल्यासारखे होते, मूळ कारण आत तसेच राहते. उलट सकाळी पहिल्या काही सेकंदांत हे ऑइल वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते, आणि झीज नेमकी त्याच वेळी जास्त होते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडवर परत यावे आणि ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा. घोडबंदर रस्त्यावर गाडी जितका वेळ जागच्या जागी धडधडत उभी असते तो किलोमीटरमध्ये मोजला जात नाही, म्हणून अशा वापरात ऑइल पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच बदललेले चांगले.

प्रश्न : माझ्या २०१० सालच्या छोट्या हॅचबॅकला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे. पाम बीच रस्त्याने जाताना काही जाणवत नाही, परंतु सिग्नलला थांबले की जोरात टिकटिक ऐकू येते. पेट्रोलवर केले की आवाज जवळजवळ बंद होतो. टॅपेट सैल झाले आहेत का?
— एक वाचिका, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : इंधन बदलताच आवाज जात असेल तर तो टॅपेटचा नाही, कारण टॅपेटला सीएनजी आणि पेट्रोल यांतला फरक कळत नाही. सिक्वेन्शियल किटमधील, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या किटमधील, गॅस इंजेक्टरांचा आवाज पेट्रोल इंजेक्टरांपेक्षा बराच मोठा असतो. ते ज्या पट्टीवर बसवलेले असतात ती गाडीच्या पत्र्याला थेट कसलेली असेल, तर पत्रा तो आवाज ढोलकीच्या पुडीसारखा वाढवून आत पाठवतो. पट्टीखालची रबरे आहेत की नाहीत, झिजली आहेत का, एवढे पाहून घ्यावे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पट्टीवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून आपण स्वतःही खात्री करू शकाल. ओढणी आणि बाह्या मात्र बेल्टपासून दूर ठेवाव्यात, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे विसरू नये.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. सीएनजीवर दीर्घकाळ चालणाऱ्या इंजिनात, विशेषतः मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती बैठक झिजून हळूहळू खोल जाते, आणि त्यामुळे टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होत जाते. अशा इंजिनाची टिकटिक कमी होते, गाडी शांत झाल्यासारखी वाटते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होऊ लागल्याने कडेने जळतो. थोडा सैल टॅपेट कुरकुर करतो, आवळलेला टॅपेट गुपचूप हेड खातो. आपल्या गाडीचा आवाज ज्या दिवशी आपोआप नाहीसा होईल आणि आयडलिंग थरथरू लागेल, त्या दिवशी फट मोजून आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे. तोवर, इंजिनाला फट जुळवण्याची सोय असल्यास, वर्षातून एकदा ती मोजत राहावे.

प्रश्न : जुन्या सेडानमध्ये दोन दिवसांपासून वरच्या बाजूने टिकटिक येते आणि आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दिला की विझतो. गॅरेज तुर्भ्याला आहे. तेवढे अंतर हळूहळू चालवत नेले तर चालेल का?
— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : चालणार नाही. दिवा आणि आवाज एकत्र आले म्हणजे ऑइलचा दाब वरपर्यंत पोहोचत नाही असे धरून चालावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डीपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर योग्य ग्रेडचे ऑइल भरून, गाडी जागेवरच सुरू करून दिवा पाहावा. त्यानंतर दिवा पूर्ण विझला आणि आवाजही गेला, तरच गाडी चालवत न्यावी आणि ऑइल गेले कुठे ते शोधून घ्यावे. पातळी आधीपासूनच बरोबर असेल तर पुन्हा चावी फिरवू नये आणि गाडी टो करून न्यावी. गॅरेजमध्ये प्रथम ऑइलचा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावायला सांगावे. बिघडलेल्या स्विचमुळेही दिवा असाच लुकलुकतो आणि स्विच स्वस्तात बदलता येतो. गेजवर दाब खरोखरच कमी दिसला, तर चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) खोलून ऑइल पंपाची जाळी गाळाने तुंबली आहे का, ते आधी पाहावे लागेल.