मसाला वेलची आणि बंबलबी

प्रश्न : सिक्कीममधल्या मसाला वेलचीच्या मळ्यात बंबलबी (जाडजूड, केसाळ रानमाश्या) कमी झाल्या, तर मधपेट्या ठेवून भागेल का?

उत्तर : नाही. या वेलचीचं फूल एकच दिवस टिकतं. त्यात पुंकेसर (पराग देणारा भाग) आणि कुक्षी (पराग घेणारा भाग) खालच्या मोठ्या पाकळीच्या वर कमान केल्यासारखी झुकलेली असतात. हिमालयातली देशी बंबलबी अंगाने एवढी मोठी, की मधरसासाठी आत शिरताना तिची पाठ दोन्हींना घासते आणि परागण होतं. मधमाशी लहान. ती बहुधा पराग तेवढे उचलते, कुक्षीला शिवतच नाही. म्हणजे पेट्या वाढवल्या तर परागांची लूटच व्हायची! (आपल्याकडे मैदानात दिसणारा काळा भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे, ती लाकूड पोखरणारी माशी.)

खरा उपाय बंबलबीच्या राणीला जपण्याचा. थंडी ती एकटीच जमिनीत काढते. वसंतात उंदरांच्या सोडलेल्या बिळात घरटं करते, मेणाच्या कुंडीत थोडा मध साठवते, अंगाच्या उबेने अंडी उबवते. पहिल्या कामकरी माश्या येईपर्यंत चाराही तीच आणते. त्या काळात ती मेली, तर अख्खी वसाहतच उभी राहत नाही. म्हणून बांधावरचं गवत जाळू नका, बिळं बुजवू नका, वेलचीआधी फुलणारी रानझुडपं राखा आणि फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात फवारू नका.