जनुक 'व्यक्त' काय करतं?

प्रश्न असा आहे: अमेरिकी शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांच्या कर्करोग-संशोधनावरचा एक लेख मराठीत आणताना प्रश्नकर्तीनं वाक्य लिहिलं, 'कर्कपेशीत काही जनुके स्वतःला जास्त प्रमाणात अभिव्यक्त करतात.' घरी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "म्हणजे काय, कविता करतात?" तर 'अभिव्यक्ती' हा शब्द चुकला का? आणि त्याच लेखात जनुकातल्या बदलासाठी घातलेल्या 'उत्परिवर्तन'ऐवजी काही सोपं मिळेल का?

आईंचं हसणं रास्त आहे. पण शब्द निर्दोष आहे. घोळ 'स्वतःला' आणि 'करतात' या दोघांनी घातलाय. अभिव्यक्ती म्हटलं की हल्ली आपल्याला पुढे 'स्वातंत्र्य' ऐकू येतं, आणि मग कुणीतरी बोलणारा, लिहिणारा, रंगवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मुळात या शब्दात माणूस नाहीच. अभि, वि आणि अञ्ज् धातू. डोळ्यांतलं अंजन त्याच धातूचं, ताटातलं व्यंजनही त्याचंच. व्यक्त म्हणजे उघड झालेलं, दिसू लागलेलं. सांख्य तत्त्वज्ञानवाले अव्यक्त आणि व्यक्त म्हणतात ते याच अर्थानं: आधी असतंच, पण दिसत नसतं. जनुकाचं नेमकं तसंच आहे. इन्शुलिनचं जनुक तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे, पण तिथे ते जन्मभर अव्यक्त राहतं. स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशींत मात्र ते व्यक्त होतं, म्हणजे त्यावरून खरोखर इन्शुलिन तयार होतं. तेव्हा जनुक काही व्यक्त 'करत' नाही, ते व्यक्त 'होतं'. क्रियापद अकर्मक ठेवा, कविता आपोआप थांबेल.

(जाता जाता: जनुक नपुंसकलिंगी, ते जनुक, ती जनुकं. बोलताना 'तो जीन' म्हणणारे अनेकवचनात 'जीन्स' म्हणतात आणि हमखास पँटपाशी पोचतात.)

आता उत्परिवर्तन. माझी निम्मी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा गाव नमुना ६ आठवला, म्हणजे गावच्या जमिनीच्या दप्तरातली एक नोंदवही. जमीन विकली, वाटणी झाली, खातेदार वारला, की तलाठी तिथे नोंद घालतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. त्या नोंदीला आपण फेरफार म्हणतो, आणि कायद्याच्या इंग्रजी मजकुरात तिचं नाव आहे 'म्यूटेशन'. तोच शब्द! कचेरीत त्याला फेरफार म्हणायला कुणाची जीभ अडत नाही, प्रयोगशाळेत गेला की त्याचं उत्परिवर्तन होतं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, या दप्तरानं तुमचे दोन्ही प्रश्न वेगळे करता येतात. दप्तरातल्या मूळ कागदावर खाडाखोड झाली तर तो फेरफार. आणि त्या कागदाच्या नकला किती निघाल्या, ती झाली अभिव्यक्ती. पेशीतही मूळ डीएनए जागचा हलत नाही. त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि ती नक्कल वाचून प्रथिन बनतं. कर्करोगात कधी मूळ कागद बिघडतो. कधी कागदातलं एक अक्षरही बदललेलं नसतं, पण त्याच्या नकला काढणंच बंद पडतं, आणि पेशीला आवरणारं जनुक गप्प होतं. या दुसऱ्या प्रकाराला उत्परिवर्तन म्हणणं साफ चूक, आणि बातम्यांत ती चूक सर्रास होते.

तरी फेरफार सगळीकडे घालू नका. त्यात 'कुणीतरी केलेला' अशी छटा आहे. पिकांच्या बाबतीत 'जनुकीय फेरफार' म्हणतात तो माणसानं केलेलाच असतो. आपसूक घडणाऱ्यासाठी मी साधं 'जनुकातला बदल' लिहीन. पाठ्यपुस्तक असेल तर उत्परिवर्तन असू दे.

राउलींवरच्या लेखात तर तोही शब्द पुरत नाही. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र (पेशीतल्या डीएनएची एक गुंडाळी) दिसलं होतं, २२व्या क्रमांकाचं. तुकडा गळून गेला असावा, असा समज होता. शिकागोत राउली गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या; आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची. गुणसूत्रांवरचे पट्टे दाखवणारी रंगवण्याची पद्धत तेव्हा नवी होती. त्या पट्ट्यांवरून त्यांना दिसलं की २२व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९व्या गुणसूत्राला जाऊन चिकटलाय. हे १९७३ साली छापून आलं. पुढे कळलं की ९व्याचाही तुकडा २२व्यावर आलाय, आणि सांध्यावर दोन जनुकांचं मिळून एक नवंच जनुक तयार झालंय, बीसीआर-एबीएल. त्याचं प्रथिन पेशीला सारखं 'वाढ, वाढ' सांगत राहतं. त्या प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ साली मंजूर झालं.

या घटनेला तुम्ही लेखात 'स्थानांतरण' म्हटलंय. कोशात बसेल, पण त्यानं तुकडा एकीकडून उठून दुसरीकडे गेला एवढंच कळतं. झालीये ती अदलाबदल. 'गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल' लिहा. लांब आहे, पण आईंना समजेल.

जनुकातला बदल आणि अभिव्यक्ती हा भेद माझ्या स्वतःच्या डोक्यात बसला तो मावसबहिणीच्या रिपोर्टवरून. स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासला होता आणि लिहिलं होतं: हर-टू, २+. हर-टू हे पेशीला वाढायला सांगणारं एक प्रथिन. त्या तपासणीत पेशीच्या कडेवर तपकिरी रंग किती चढतो ते बघतात, म्हणजे प्रथिन किती आहे ते, म्हणजेच अभिव्यक्ती. ३+ आलं तर होकार, ० किंवा १+ तर नकार, २+ म्हणजे अधांतरी. मग डॉक्टरांनी 'फिश' नावाची दुसरी तपासणी करायला सांगितली. तीत जनुकाच्या प्रती मोजतात; नेहमीच्या दोनऐवजी ढीगभर भरल्या तर बिघाड मूळ दप्तरातच. एकाच कागदावर नकलांचा हिशेब आणि मूळ प्रतींचा हिशेब, दोन वेगळ्या रकान्यांत.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करीन: 'कर्कपेशीत काही जनुकं गरजेपेक्षा जास्त व्यक्त होतात, म्हणजे त्यांच्यावरून बनणारी प्रथिनं वाजवीपेक्षा जास्त तयार होतात.' दुसरा भाग एकदाच, पहिल्या वेळी द्या. बीसीआर-एबीएलला मात्र मराठी नाव शोधू नका. रिपोर्टवर लोकांना तेच दिसणार आहे.